लसणाचा दात

गणपती उठले आणि घरात कांदा-लसूण पुन्हा सुरू झाला, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, बाहेर पावसाची भुरभुर, आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर ताट घेऊन लसूण सोलत बसले होते. मंडईतून आणलेला गावठी लसूण. त्याला वास असतो, चव असते, पण पाकळ्या अशा बारीक की सोलता सोलता नखं हुळहुळी होतात. थोरली माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. सालं गोळा करायची, फुंकर मारून उडवायची, पुन्हा गोळा करायची, असा तिचा उद्योग चालला होता. गड्ड्याच्या अगदी पोटात एक सगळ्यांत लहान, सोलायचंही जिवावर येणारी पाकळी असते ना, ती तिनं उचलली. अंगठ्यानं साल काढलं, पाकळी तळहातावर ठेवली आणि हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, बघ. आपला दात."

माझा हात जागच्या जागी थांबला.

ती हसत होती. जुना फोटो सापडल्यावर आपण हसतो तशी. मी कसंबसं विचारलं, "तुला कधी कळलं?" तर म्हणाली, "तेव्हाच. मेट्रोत. दाताला कधी लसणाचा वास येतो का?" मग बोलली का नाहीस गं, असं विचारल्यावर तिनं खांदे उडवले आणि पुन्हा सालांकडे वळली. "तू रात्री एवढी शोधत होतीस ना," एवढंच म्हणाली आणि फू करून सगळी सालं माझ्या मांडीवर उडवली. त्या दिवशी चटणीत मीठ घालायचं राहून गेलं. कुणी काही म्हणालं नाही. थोरलीनं तर दोनदा मागून घेतली, आणि नेमकं तेच मला रात्रभर टोचत राहिलं.

झालं होतं असं. गेल्या संक्रांतीला थोरलीचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा. दुधाचे दात वीस, आणि त्यातले खालचे पुढचे दोन बहुधा आधी जातात, साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास. हा दात तिनं पंधरा दिवस हलवत ठेवला होता. शाळेत जाताना हलवायचा, अभ्यास करताना हलवायचा, झोपेतसुद्धा जीभ तिथेच. शेवटी शेंगदाण्याच्या चिक्कीनं काम केलं. चिक्कीत एक पांढरा तुकडा आणि त्याला लाल ठिपका. ती रडली नाही. आरशासमोर उभी राहून त्या फटीतून जिभेचं टोक बाहेर काढून बघत बसली, आणि धाकटी तिच्या शेजारी स्टुलावर उभी राहून आपले मोत्यांसारखे घट्ट दात एकेक करून चाचपत बसली. "माझा पण हलतोय," तिनं जाहीर केलं. हलत काही नव्हतं. तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यानंतरचे कित्येक दिवस ती भेटेल त्याला तोंड उघडून दाखवायची आणि "हलतोय का बघा" म्हणायची. दूधवाल्या काकांनी एकदा नीट वाकून पाहिलं आणि "थोडा हलतोय खरा" असं सांगितलं, तेव्हापासून ते तिचे सगळ्यांत आवडते काका आहेत.

पडलेला दात हातात घेऊन मी पहिल्यांदाच इतक्या निरखून पाहिला. वरून तांदळासारखा गुळगुळीत आणि खालून पोकळ, वाटीसारखा. कायमचा दात खालून वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतो, म्हणून पडलेला दात असा आखूड निघतो. येणाऱ्यानं जाणाऱ्याची मुळं सोडवायची. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग त्याला दुखलं नसेल ना?" त्याला म्हणजे दाताला.

आता दात टाकायचा कुठे? माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात चौकात उभं राहायचं आणि दात वर कौलांवर भिरकावायचा. "उंदरा, उंदरा, माझा दात तुला, तुझा दात मला." कौलं आणि वासे यांच्यामध्ये रात्रभर उंदरांची पळापळ ऐकू यायची, त्यामुळे घेणारा आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. इथे कोथरूडला आम्ही पाचव्या मजल्यावर. वर सहावा मजला, खाली चौथा. खिडकीतून टाकला तर कुणाच्या तरी एसीवर जाऊन पडणार. "मग उंदराला कसा मिळणार?" थोरलीचा प्रश्न रास्त होता. तिच्या बाबानं माहिती शोधून काढली की उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात, म्हणून जुन्या लोकांनी दात मागायला बरोब्बर उंदीर निवडला असणार. मुलींना ते इतकं पटलं की आता दात उंदरालाच द्यायचा हे पक्कं झालं. माझी आई अजून त्याच जागेवर राहते. वाडा जाऊन तिथे चार मजली इमारत झाली, पण तिच्या गॅलरीतून शेजारच्या वाड्याची कौलं खाली दिसतात. ठरलं. रविवारी आजीकडे जायचं आणि गॅलरीतून दात कौलांवर टाकायचा. तोपर्यंत दात कुंकवाच्या रिकाम्या डबीत, डबी देव्हाऱ्यात.

शनिवारी रात्री मी सहज डबी उघडली. डबी रिकामी.

त्या रात्री मी काय काय शोधलं ते आठवलं तरी पाठ दुखते. देव्हाऱ्यातले सगळे देव उतरवले. निर्माल्याची पिशवी उपसली, केराचा डबा जमिनीवर वर्तमानपत्र घालून त्यावर पालथा केला, केरसुणीचे केस न केस विंचरले. मोबाइलचा उजेड घेऊन ओट्याखाली, फ्रिजखाली रांगले. एक वाजला. दात म्हणजे काही सोनं नव्हे, सकाळी सांगून टाकता आलं असतं की बाळा, हरवला. पण ती दोन दिवस उंदरासाठी चिठ्ठी लिहीत होती. चिठ्ठीत 'प्रिय उंदीरमामा, नवीन दात सरळ द्यावा' असं होतं, आणि 'सरळ'च्या खाली दोन रेघा. मला सांगायचं धैर्य झालं नाही. ओट्यावर टोपलीत लसूण होता. गड्डा फोडला, पोटातली सगळ्यांत बारीक पाकळी सोलली, तिचं टोक सुरीनं कापलं. हुबेहूब. वर कापूस गुंडाळला, डबीत ठेवला, डबी देव्हाऱ्यात. मुली झोपल्यात का ते दारातून पाहिलं. दोघी शांत. थोरलीचा चेहरा भिंतीकडे होता.

रविवारी आनंदनगरहून मेट्रोनं निघालो. मंडईपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू होऊन तेव्हा चारेक महिने झाले होते आणि धाकटीनं ती पाहिलेली नव्हती. सिव्हिल कोर्टला वरची गाडी सोडायची आणि सरकत्या जिन्यांनी खाली, खाली, अजून खाली उतरायचं. जमिनीच्या पोटात ३३ मीटर. दुसऱ्या जिन्यावर धाकटीनं माझी ओढणी घट्ट धरली आणि दबक्या आवाजात विचारलं, "आई, आपण उंदराच्या घरीच चाललोय का?" थोरली म्हणाली, "हो, मग इथेच देऊन टाकू." दोघी खुदखुदल्या. गाडी सुटल्यावर मी सांगितलं की आता आपल्या डोक्यावर मुठा नदी आहे. धाकटीनं लगेच वर छताकडे पाहिलं, हात वर करून थेंब पडतोय का ते तपासलं आणि समोरच्या आजोबांना म्हणाली, "वर मासे आहेत, तुम्ही घाबरू नका." आजोबांनी गंभीरपणे मान डोलावली. याच वेळी थोरलीनं डबी उघडली होती. कापूस नाकाजवळ नेला होता. मला वाटलं, पापी घेतेय. "कापूस काढू नकोस हं," मी घाईनं म्हटलं, "उंदराला कापसातच आवडतो." तिनं माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.

ते 'बरं' आता मला ऐकू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

मंडईत आजीसाठी शेवग्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे घेतले आणि चालत निघालो. दगडूशेठसमोर गर्दीतून वाट काढताना मी मुलींना भिडे वाड्याची जागा दाखवली. वाडा डिसेंबर २०२३ मध्येच पाडला गेला, तिथे स्मारक व्हायचं आहे. रिकाम्या जागेकडे बोट दाखवून मुलींना इतिहास सांगणं अवघड असतं, पण मला राहवलं नाही. म्हटलं, इथे १८४८ साली मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवायला यायच्या तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकायचे. त्या पिशवीत दुसरी साडी घेऊन यायच्या, शाळेत आल्यावर बदलायच्या आणि शिकवायला लागायच्या. धाकटी रस्त्यातच थांबली. "मी असते तर परत शेण मारलं असतं," ती म्हणाली, आणि शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याकडे तिनं असं रोखून पाहिलं की जणू तोच. थोरली बराच वेळ गप्प होती. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपाशी आल्यावर तिनं विचारलं, "त्यांना रोज माहीत असायचं का, की आज पण टाकणार?" असणार, मी म्हटलं. "म्हणून साडी आधीच घ्यायच्या." ती स्वतःशीच म्हणाली आणि डबीचा हात बदलला.

आजीच्या गॅलरीत हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. खाली शेजारच्या वाड्याची कौलं, काही फुटलेली, काही शेवाळून काळी पडलेली, एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप. थोरलीनं चपला काढल्या. का ते मला कळलं नाही, पण तिला ते पूजेसारखं वाटलं असावं. दोन्ही हातांत कापूस धरून, डोळे मिटून, अगदी स्वच्छ आवाजात तिनं सगळं म्हटलं. "उंदरा, उंदरा, माझा दात तुला, तुझा दात मला." आणि टाकला. कापूस हलका, वाऱ्यावर जरासा रेंगाळला, पन्हाळीच्या अलीकडे एका कौलावर टेकला. मागून चिठ्ठी. आजीनं टाळ्या वाजवल्या, मी सुटकेचा श्वास सोडला. धाकटी मात्र त्या दिवशी विचित्र गप्प होती. तिला दात पडायची घाई आहे म्हणून असेल, असं मी धरून चालले.

पाडव्याच्या आधी घर आवरताना भातुकलीची टोपली उन्हात घातली. तुळशीबागेतून आणलेली ती इवलीशी स्टीलची भांडी एकेक पुसत होते. प्रेशर कुकरचं झाकण घट्ट बसलेलं, ते जोर लावून फिरवलं, तर आत दात. खराखुरा. वाटीसारखा पोकळ, ठिपका आता तपकिरी झालेला. धाकटीला बाजूला घेऊन विचारलं. तिला लपवल्यासारखं काही वाटतच नव्हतं. "शिजत ठेवलाय," ती म्हणाली. "शिजला की मऊ होईल, मग मी माझ्या तोंडात लावणार, मग तो पडेल." किती दिवस शिजणार, म्हटलं. "शिट्टीच होत नाहीये ना," ती वैतागून म्हणाली. मी तिला जवळ घेतलं आणि हसता हसता डोळे पुसले. दात मात्र तिला परत दिला नाही आणि थोरलीलाही सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे लसणाचंही सांगावं लागलं असतं. कपाटातल्या मंगळसूत्राच्या डबीत तो ठेवून दिला. एक खोटं झाकायला दुसरं, आणि वर कुलूप.

आणि आता, सहा महिन्यांनी, ही तळहातावरची पाकळी.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला नीट विचारलं. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. ती त्या रात्री जागी होती. भिंतीकडे तोंड करून माझा उजेड भिंतीवर हलताना पाहत होती. दात कुकरमध्ये आहे हेही तिला माहीत होतं. धाकटीनं शनिवारी दुपारीच तिला झाकण उघडून दाखवला होता आणि 'कुणाला सांगायचं नाही' अशी शपथ घातली होती. सांगितलं असतं तर मी धाकटीला रागावले असते. कापसात लसूण आहे म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. आजीनं मुद्दाम गॅलरी धुऊन ठेवली होती. म्हणून साडेसहा वर्षांच्या त्या मुलीनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि लसणाची पाकळी मनापासून उंदराला दिली. "तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. तिनं विचार केला. "थोडं," ती म्हणाली. मग लगेच, "पण बघ ना, लसणावरही दात आला! उंदराला चालतं." आणि ओठ खाली ओढून तिनं मला तो नवा, कडेला करवतीसारख्या बारीक दात्यांचा, चांगला सरळ आलेला दात दाखवला. मी हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता. पण पोटात काहीतरी तुटलं.

'थोरली किती समजूतदार आहे हो तुमची!' हे वाक्य मी तिच्या तिसऱ्या वर्षापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी फुलत आले आहे. मुंजीत, बारशात, जिन्यात भेटलेल्या शेजारणींकडून. ती खिडकीची जागा देते. पिठलं खाऊन घेते. माझं डोकं दुखत असलं की धाकटीला दुसऱ्या खोलीत नेऊन दार लोटून कुजबुजत खेळते. पाच वर्षांची असताना इंजेक्शन देताना ती हूं की चूं करेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली आणि मी अभिमानानं बाहेर आले. घरी आल्यावर म्हणाली, "मी रडले की तू घाबरतेस ना." त्यावर मी तिचा पापा घेतला होता. त्या वेळी काही वेगळं म्हणायला हवं होतं का, हे मी आज शोधते आहे. कारण समजूत म्हणजे काय असतं? तिला जे हवं असतं ते तिला हवं नसतं असं थोडंच आहे? ते ती गिळते. आणि दर घोटाला आम्ही टाळ्या वाजवतो. मला तिचं ते मन जपून ठेवावंसंही वाटतं. दुसऱ्याचं दुःख इतक्या लवकर दिसणारे डोळे कुणाला नको असतील? पण त्या डोळ्यांना स्वतःचंही दिसत राहावं, एवढं मला हवं आहे, आणि ते कसं शिकवायचं ते मला येत नाही. मला कुणी शिकवलं नाही.

मीही थोरलीच. आमच्या वाड्यात नवरात्रात रोज एकेका बिऱ्हाडाकडे भोंडला असायचा. चौकात पाट, पाटावर खडूनं काढलेला हत्ती, भोवती आम्हा पोरींचा फेर, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. ज्या घरचा भोंडला त्या घरची बाई डबा पदराखाली घेऊन उभी. गोड की तिखट? वाजते की नाही? डबा हलवून दाखवायचा, पोरींनी ओरडून नावं घ्यायची. मला नाक होतं. जिन्यात पाय ठेवला की कळायचं आज हिंगाच्या फोडणीची वाटली डाळ आहे की तिखटमिठाच्या पुऱ्या. आमच्या घरच्या भोंडल्याला आई मला आधीच बजावायची, "तू ओळखायचं नाहीस हं, तू घरचीच. लहान पोरींना ओळखू दे." ते बरोबरच होतं. घरच्या मुलीनं ओळखलं तर त्यात काय मजा? मी ओठ घट्ट मिटून उभी राहायची आणि आई माझ्याकडे बघून मान हलवायची. शाबास. ती मान मला इतकी आवडायची की पुढे पुढे मी दुसऱ्यांच्या घरच्या भोंडल्यातही बोलेनाशी झाले. नाव जिभेच्या टोकावर यायचं, भज्यासारखं गरम, आणि मी ते तसंच धरून ठेवायची, दुसरं कुणीतरी म्हणेपर्यंत. वाडा पाडला तेव्हा त्या राडारोड्यात माझे वीसच्या वीस दुधाचे दात गेले असतील, असं मला कधीकधी वाटतं. त्यांच्याबरोबर न उच्चारलेल्या किती खिरापती गेल्या, त्याची मोजदाद नाही.

मी आईला फोन केला. लसणाची गोष्ट ऐकून ती पोट धरून हसली. मग मी भोंडल्याचं काढलं. आठवतं का, म्हटलं, तू मला ओळखू द्यायची नाहीस. "अगं, तुला माहीतच असायचं ना," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला त्याचं काही नाही." मागे तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. गॅस बारीक करून ती परत आली आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू कधी म्हणालीच नाहीस गं."

त्या रात्री धाकटी झोपल्यावर मी मंगळसूत्राची डबी उघडून थोरलीचा दात तिच्या हातावर ठेवला. तिचं आता आणखी तीन दातांचं येणं-जाणं झालं होतं, ते तिन्ही आजीच्या गॅलरीतून रीतसर खाली गेले होते. हा पहिला. तिनं तो दिव्याखाली धरला, पोकळीत नखाचं टोक घालून पाहिलं. मी म्हटलं, मला माफ कर, मी तुला खोटं सांगितलं. ती गोंधळली. मोठ्या माणसानं माफी मागितली की मुलं गोंधळतात. "हा पण टाकायचा का?" तिनं विचारलं. तुला काय वाटतं, मी म्हटलं. तुला काय हवंय? हा प्रश्न तिला पुन्हा विचारावा लागला, कारण पहिल्यांदा तिनं "तू सांग" म्हटलं, नंतर "बाबाला विचारू या" म्हटलं, मग "धाकटीला देऊ का, तिला हवा होता" म्हटलं. मी गप्प बसून राहिले. बरंच अवघड गेलं मला ते गप्प बसणं. शेवटी तिनं मूठ मिटली. "हा मी ठेवते," ती म्हणाली. "कुणालाच देणार नाही. उंदराला पण नाही." आणि मूठ तशीच उशीखाली घालून झोपली. सकाळी तिच्या तळहातावर दाताचा बारीक खळगा उमटलेला होता.

आमच्या सोसायटीत भोंडला एकच दिवस असतो, पार्किंगमध्ये. गाड्या हलवून जागा करतात, मध्ये पाट आणि त्यावर हत्ती. या वर्षीचा हत्ती मुलींनी रंगीत खडूंनी काढला होता, धाकटीच्या आग्रहावरून त्याचा एक दात पडलेला होता. गाणी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी डबा ओढणीखाली धरून पुढे आल्या. गोड आहे, म्हणाल्या. वाजत नाही. लाडू! बर्फी! शिरा! पोरींचा एकच गलका. मला वास आला होता. तुपात भाजलेली नाचणी. मी थोरलीकडे पाहिलं. तिच्या नाकपुड्या हलल्या. तिला कळलं होतं. तिनं आधी शेजारी उड्या मारणाऱ्या धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ मिटलेले होते, आणि ते मिटलेले ओठ मी ओळखत होते. मी काही बोलले नाही. फक्त मान हलवली, आईनं माझ्यासाठी कधी हलवली नव्हती त्या दिशेनं.

"नाचणीचे लाडू!" थोरली ओरडली. इतक्या जोरात की तिचा तिलाच आवाज मोठा वाटला आणि ती दचकली.

मावशींनी डबा उघडला. बाकीच्या पोरींनी टाळ्या पिटल्या आणि धाकटीनं भोकाड पसरलं. "मलाच ओळखायचं होतं! मी ओळखणारच होते!" ती जमिनीवर बसली, पाय झाडले, हत्तीची सोंड पुसली गेली. थोरलीचा चेहरा एका क्षणात फुललेला आणि उतरलेला. तिला पहिला लाडू मिळाला होता, ओळखल्याचा मान म्हणून. तो घेऊन ती धाकटीकडे गेली, उकिडवी बसली, लाडू पुढे केला. धाकटीनं हात झटकला. थोरलीनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी धाकटीला कडेवर घेतलं आणि तिचं नाक पुसू लागले. थोरली थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं तो लाडू स्वतःच्या तोंडाशी नेला आणि मोठा घास घेतला, पुढच्या नव्या दातांनी, आणि हत्तीच्या शेजारी बसून सावकाश खाल्ला, तळहाताला चिकटलेला शेवटचा कणसुद्धा चाटून.